वृत्तीवर फोडलेलं खापर

शाळेची पालकसभा हल्ली फी आणि बसच्या वेळा यांवर संपत नाही. शेवटचा तासभर एखाद्या वक्त्यांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि त्यांचं म्हणणं बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. बुद्ध्यांक वगैरे जुन्या गोष्टी झाल्या. मुलाचे मार्क ठरतात ते त्याच्या वृत्तीवर. चिकाटी, संयम, स्वयंशिस्त असेल तर बेताच्या बुद्धीचं मूलही पुढं जातं, नसेल तर हुशार मूलही वाया जातं. मग पडद्यावर चार वर्षांचं एक मूल आणि त्याच्यासमोर ठेवलेली मार्शमेलो नावाची मिठाई दिसते. आईबाप माना डोलावतात. परतताना स्कूटरवर पुढं उभ्या असलेल्या पोराला ऐकवलं जातं, "ऐकलंस ना सर काय म्हणाले? डोकं आहे तुला, चिकाटी नाही."

ही मांडणी उदार वाटते, म्हणून तिला कुणी फारसा विरोध करत नाही. आधीच्या पिढीतले गुरुजी "याच्या डोक्यात काही शिरत नाही" म्हणून मोकळे व्हायचे. त्यापेक्षा हे बरं, असं वाटतं. मला तसं वाटत नाही. डोक्यात काही शिरत नाही हे वाक्य क्रूर होतं, पण त्यात मुलाचा अपराध तरी नव्हता. आता अपराध सगळा त्याचाच. तुला जमलं असतं, तू केलं नाहीस. शाळा, शिकवणं, वर्गातली साठ डोकी, घरातला एकच दिवा, सगळे या वाक्यातून निर्दोष सुटतात. ज्या संशोधनाच्या जोरावर हे सांगितलं जातं, ते संशोधन मुळात असं सांगतच नाही. म्हणून हा प्रतिवाद.

आधी बुद्धीचं. तिला इतक्या सहज घराबाहेर काढता येत नाही. इयन डिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इंग्लंडमधल्या सत्तर हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकराव्या वर्षी दिलेली बुद्धिमापन चाचणी आणि सोळाव्या वर्षी दिलेली राष्ट्रीय शालान्त परीक्षा यांचा संबंध त्यांनी तपासला. सहसंबंध निघाला ०.८१ (१ म्हणजे पूर्ण मेळ). सामाजिक शास्त्रांत एवढा मोठा आकडा क्वचितच दिसतो. वेगवेगळ्या देशांतल्या लाखभर विद्यार्थ्यांचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी काढलेला आकडा ०.५४ आहे, त्यात शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी आणि गुण होते. शिक्षकाच्या हातचे मार्क आणि मंडळाच्या परीक्षेतले मार्क यांत काय काय मिसळलेलं असतं, हे वीस अंतर्गत गुणांची सवय झालेल्या आपल्याला कुणी सांगायला नको. तेव्हा 'बुद्धीचा आणि मार्कांचा संबंध नाही' हे टाळ्या घेणारं वाक्य सरळसरळ खोटं आहे.

पण हा संबंध आहे म्हणजे नेमकं काय आहे? आल्फ्रेड बिने यांना १९०४ मध्ये फ्रेंच सरकारच्या समितीवर घेतलं गेलं ते एका व्यावहारिक कामासाठी. सक्तीचं शिक्षण आल्यावर पॅरिसच्या शाळांत मागं पडणारी मुलं कोणती आणि त्यांना वेगळी मदत कशी द्यायची, हे ठरवायचं होतं. १९०५ ची बिने-सिमाँ मापनश्रेणी त्यातून आली. जी चाचणी शाळेत कोण अडखळेल हे ओळखण्यासाठीच बनवली, तिचा शाळेतल्या यशाशी मेळ बसला तर त्यात नवल ते काय! खुद्द बिने बुद्धीला कायमची मोजून ठेवलेली रक्कम मानायला तयार नव्हते. १९०९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या निराशावादावर कडक टीका केली आहे. त्यांची श्रेणी अमेरिकेत गेली, १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्डमध्ये तिचं नवं रूप केलं, आणि मदतीसाठी जन्मलेली चाचणी निवडीसाठी वापरली जाऊ लागली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बेतून घेतली. आजही एखाद्या मुलासाठी प्रमाणपत्र लागलं की बिने-कामत चाचणी निघतेच.

बुद्धी जन्मतः ठरलेली असते असं मनापासून मानणारा समाज आपण नाही, याचा पुरावा मात्र आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत आहे. तीनशेपैकी शंभर गुण चक्क 'बुद्धिमत्ता चाचणी' या विषयाला. गटात न बसणारं पद ओळखा, आरशातली प्रतिमा ओळखा, सांकेतिक लिपी उलगडा, रांगेत डावीकडून सातवा असलेला उजवीकडून कितवा. या विषयाचे सराव संच असतात, मार्गदर्शिका असतात, कित्येक जिल्हा परिषद शाळांत सकाळी शाळा भरायच्या आधी जादा तास होतात, आणि गुणवत्ता यादीत तालुक्यातली किती मुलं आली यावर गुरुजींची कॉलर ताठ होते. बुद्धी शिकवता येत नसती तर हा सगळा उद्योग कधीच बंद पडला असता. पुस्तकी पुरावाही आहे. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांवरचे अभ्यास एकत्र केले. निष्कर्ष असा की शाळेतलं प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यांकात साधारण एक ते पाच गुणांची भर घालतं. म्हणजे बुद्धीमुळे शाळा जमते हे खरं, आणि शाळेमुळे बुद्धी वाढते हेही तितकंच खरं. ज्याला शाळा मिळालीच नाही किंवा अर्धीमुर्धी मिळाली, त्याच्या बुद्ध्यांकाकडे बोट दाखवून 'म्हणून हा मागं पडला' म्हणणं म्हणजे परिणामालाच कारण ठरवणं.

आता मिठाई. समोरची मिठाई लगेच न खाता थांबलास तर आणखी एक मिळेल, असं मुलाला सांगणारा वॉल्टर मिशेल यांचा हा प्रयोग १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत. मुलं बहुतांशी तिथल्या प्राध्यापकांची आणि विद्यापीठात शिकणाऱ्यांची. वाट पाहताना मुलं मनाला कशी फसवतात, काय केल्यानं थांबणं सोपं जातं, हे मिशेल शोधत होते. कुणाचं पुढं काय होईल हे सांगायला ते बसले नव्हते. पुढं १९९० मध्ये 'जी मुलं थांबली ती पुढं प्रवेश परीक्षेत सरस ठरली' हा गाजलेला निष्कर्ष आला, तो तीस-चाळीस मुलांच्या गुणांवर उभा होता. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांवर तो पडताळून पाहिला. यात पदवी नसलेल्या आयांची मुलंही पुरेशी होती. संबंध दिसला, पण आधीच्या निम्माच. घरची परिस्थिती आणि मुलाची सुरुवातीची आकलनक्षमता हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गळून पडला. पालकसभेतल्या पडद्यावर ही दुसरी गोष्ट कधी येत नाही.

तिसरी तर मुळीच येत नाही. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अठ्ठावीस मुलांवर एक छोटा प्रयोग केला. मिठाईच्या आधी मुलांना चित्रं रंगवायला बसवलं आणि सांगितलं, थांबलास तर छान नवे रंग आणून देते. निम्म्या मुलांना रंग खरंच आणून दिले. उरलेल्यांना 'अगं बाई, रंग संपलेत' म्हणून सांगितलं. मग मिठाई. ज्यांना शब्द पाळला गेल्याचा अनुभव होता ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती तीन मिनिटं. अर्ध्या तासात मुलांचा स्वभाव बदलला नव्हता. समोरच्या मोठ्या माणसावरचा भरवसा बदलला होता. पगार झाला की सायकल घेऊ, असं ज्या घरात तीन दिवाळ्या ऐकवलं जातं, तिथलं पोर हातातला लाडू लगेच खातं. त्याला असंयमी म्हणायचं की अनुभवी?

चिकाटी आणि 'वाढीची मानसिकता', म्हणजे बुद्धी प्रयत्नानं वाढते हा विश्वास, यांवर फार शाई खर्च करायची गरज नाही. अँजेला डकवर्थ यांनी 'ग्रिट' नावानं जे लोकप्रिय केलं, ते व्यक्तिमत्त्वाच्या पाच मोठ्या घटकांपैकी कर्तव्यदक्षता या जुन्या घटकाहून फारसं वेगळं नाही, असं २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी साठ हजारांहून अधिक लोकांवरच्या माहितीतून दाखवलं. कॅरल ड्वेक यांच्या मानसिकतेच्या सिद्धान्तावर २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या बारा हजारांहून अधिक मुलांवर काटेकोर प्रयोग झाला. तासाभराहून कमी वेळाचं मार्गदर्शन दिलं, तर मागं असलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणीत चारपैकी ०.१ एवढी वाढ झाली. एवढ्या स्वस्तात एवढं मिळतं हे चांगलंच आहे, मी नाक मुरडणार नाही. पण या दशांशाच्या भांडवलावर आपले व्याख्याते पालकांना जे विकतात, ते बघून खुद्द संशोधकही चपापतील. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगणारी 'डीएमआयटी' नावाच्या चाचणीची दुकानं याच बाजारात उभी आहेत. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं तिला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट केलं, तरी हजारो रुपये मोजून रंगीत अहवाल घरी नेणारे पालक कमी झालेले नाहीत.

कर्तव्यदक्षता मात्र खरी आहे, आणि इथं विरोधकांच्या पदरात त्यांचं माप टाकायला हवं. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ मध्ये सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून दाखवलं की वेळेवर काम करणं, नीटनेटकेपणा, टाळाटाळ न करणं या गुणांचा मार्कांशी ठोस संबंध आहे. महाविद्यालयात तर तो बुद्धीच्या तोडीस येतो. प्राथमिक शाळेत बुद्धीचं पारडं बरंच जड असतं. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा ठरलेला. मुलामुलींच्या सरासरी बुद्ध्यांकात म्हणण्यासारखा फरक नाही, तेव्हा हा फरक वागण्यातून येतो हे मान्य करावंच लागेल.

पण मुलींचं हे वागणं आलं कुठून? ज्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयाच्या दर पाच स्त्रियांतल्या एकीहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, तिथं कितीतरी मुलींना एक गोष्ट न सांगता कळलेली असते. भावाला नापास व्हायची मुभा आहे, आपल्याला नाही. मार्क घसरले तर शाळेचा विषयच घरात संपेल. वही आखून ठेवणारी, गृहपाठ न चुकवणारी मुलगी स्वभावानं नीटनेटकी असेलही. पण तिच्या नीटनेटकेपणात परिस्थितीचा धाक किती आणि स्वभाव किती, हे कुठल्या प्रश्नावलीत कळतं? व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या वागणं मोजतात आणि त्याला स्वभाव म्हणतात. एवढी एक उडी मारली की मग सगळं खापर मुलावर फोडणं सोपं जातं.

ही उडी वर्गात रोज कशी मारली जाते ते एका वजाबाकीत दाखवतो. चौथीची वही, उभी मांडणी, ४०२ वजा १७८. मुलानं उत्तर लिहिलंय ३७६. लाल फुली, बाजूला शेरा: 'लक्ष देऊन सोडव.' खालचं उदाहरण ५०३ वजा २४७, उत्तर ३४४. पुन्हा फुली. आता नीट बघा. एककाच्या घरात दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्यानं आठातून दोन घालवले, सहा. दशकाच्या घरात शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सात तसेच. शतकात चारातून एक, तीन. दुसऱ्या उदाहरणातही हेच: सातातून तीन, चार, चार तसेच, पाचातून दोन, तीन. या मुलाचं लक्ष तंतोतंत आहे. त्याच्याकडे एक नियम आहे, मोठ्या अंकातून लहान अंक घालवायचा, आणि तो नियम तो न चुकता पाळतो. हा नियम त्याला पहिलीत आपणच दिला होता, कारण तेव्हा सगळी उदाहरणं तशीच होती. शेजारून दशक उसना घ्यायचा, शेजारी शून्य असेल तर त्याच्याही पलीकडे जाऊन शतक मोडायचं, हे ज्या आठवड्यात शिकवलं त्या आठवड्यात तो तापानं पडला असेल, गावाला गेला असेल, किंवा वर्गात बसूनही त्याला ते उमगलं नसेल. मुलांच्या वजाबाकीतल्या चुका अशा नियमबद्ध असतात हे अमेरिकेत ब्राऊन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच तपशिलात मांडून ठेवलंय. यात बुद्धी आहे, सातत्य आहे, शिस्त आहे. दहा मिनिटं शेजारी बसून आगकाड्यांचे दहाचे गठ्ठे सोडून दाखवणारं माणूस तेवढं नाही.

ते माणूस न मिळाल्यावर पुढं काय होतं तेही माहीत आहे. पाचवीत भागाकार येतो, आणि भागाकाराच्या पोटात वजाबाकी असते. मग अपूर्णांक, मग समीकरणं. फळ्यावर चाललेलं सहावीतच परकं वाटू लागतं. अशा मुलानं दिवसाचे पाच तास करायचं काय? तो शेजारच्याशी बोलतो, बाकावर नाव कोरतो, पाणी प्यायला जातो आणि येत नाही. 'चंचल' हा शेरा इथं पडतो. सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्रगतिपत्रकात 'व्यक्तिमत्त्व गुणविशेष' आणि 'सुधारणा आवश्यक' असे स्वतंत्र रकाने आहेत, आणि ते भरण्यासाठी तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असतात. शिक्षकांना मी दोष देत नाही. पन्नास मुलं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहितीचे फॉर्म, यातून ते जमेल तेवढं करतात. पण यादीतून उचललेली ती ओळ घरी पोचते तेव्हा ती मुलाच्या स्वभावाचं निदान होऊन बसते. वागणुकीमुळे अपयश आलं असं सगळे वाचतात. अपयश आधी आलं आणि वागणूक नंतर, हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं.

फळा दिसत नसल्यामुळे 'ढ' ठरलेली मुलं किती असतील? चीनच्या गान्सू प्रांतात खेड्यातल्या शाळांमधून मुलांना नुसते चष्मे वाटले, तर त्यांच्या गुणांत मोजता येण्याजोगी वाढ झाली. चष्म्याला कुणी वृत्ती म्हणत नाही.

बुद्धीही आहे, चिकाटीही आहे, आणि तरी शाळा जमत नाही, अशी मुलं आपण रोज बघतो, फक्त भाजी घेताना. अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्रीचं काम करणारी चौदाशेहून अधिक मुलं. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे, पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, दोनशेची नोट, सुटे किती? असले हिशेब ही मुलं कागदाला हात न लावता, गिऱ्हाइकाच्या घाईत, बहुतेक वेळा अचूक करत होती. त्याच मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागा असा शाळेसारखा प्रश्न कागदावर दिला, तर तिघांतल्या एकालाच तो जमला. गंमत म्हणजे जी मुलं फक्त शाळेत जात होती, त्यांना कागदावरचं बरं जमलं आणि बाजारातल्या हिशेबानं घाम फोडला. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांबाबत हेच १९८५ मध्ये दिसलं होतं.

आता या मुलांना चिकाटी शिकवायला वक्ते पाठवायचे का? पहाटे मंडईत माल उतरवून आठ वाजता शाळेत पोचणाऱ्या पोराला स्वयंशिस्तीचे धडे? त्याच्या डोक्यातलं गणित आणि पुस्तकातलं गणित यांच्यात पूल बांधायचं काम शाळेचं होतं. तो पूल बांधला गेला नाही आणि ठपका मात्र वृत्तीवर ठेवला गेला.

पूल बांधला की काय होतं याचा दाखला लांब शोधायला नको, मुंबईतच आहे. 'प्रथम' संस्थेनं मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत बालसखी नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीत असूनही ज्यांना वाचन आणि साधी बेरीज-वजाबाकी येत नाही, अशी पंधरा-वीस मुलं वर्गातून बाजूला काढायची आणि रोज दोन तास वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी त्यांना तेवढंच शिकवणार. तिला महिन्याचे पाचशे ते साडेसातशे रुपये. २००१ पासून काही वर्षं या उपक्रमाची शास्त्रशुद्ध तपासणी झाली, आणि सगळ्यात मागं असलेल्या मुलांनी सगळ्यात जास्त उचल खाल्ली. त्या मुलांचा बुद्ध्यांक कुणी वाढवला नव्हता, व्यक्तिमत्त्व कुणी घडवलं नव्हतं, प्रेरणादायी चित्रफीत तर नाहीच नाही. ती जिथं होती तिथून शिकवलं, इतकंच. याच 'प्रथम'च्या 'असर' पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता आला. अर्ध्या देशातल्या पोरांमध्ये एकाच वेळी चिकाटीचा दुष्काळ पडला, असं मानायला मी तयार नाही.

वर्गातल्या नजरेचाही प्रश्न आहे, तो वृत्तीवादी कधी घेत नाहीत. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या सवर्ण आणि दलित मुलांना कागदावरची भुलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखे. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात पुकारून मग कोडी दिली, तर दलित मुलांची कामगिरी ठळकपणे खाली आली. कोडी तीच होती, मुलंही तशीच होती. बदलली होती ती फक्त खोलीतली हवा. आता या मुलांच्या कोड्यांचे गुण त्यांची बुद्धी म्हणून नोंदवायचे, की आत्मविश्वासाचा अभाव म्हणून व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात टाकायचे?

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणं लबाडी होईल. जुळ्यांच्या अभ्यासांचा आक्षेप. इव्हा क्रापोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या तेरा हजारांहून अधिक जुळ्या मुलांची माहिती तपासून सांगितलं की सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणांमध्ये मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला ६२ टक्के आनुवंशिक आहे. आणि त्यात बुद्धीबरोबरच व्यक्तिमत्त्व, वागणुकीतल्या अडचणी, स्वतःवरचा विश्वास यांचाही वाटा आहे. म्हणजे वृत्तीही रक्तातच? अभ्यास उत्तम आहे. पण हा आकडा मुलाबद्दल नसतो, समाजाबद्दल असतो. जिथं झाडून सगळी मुलं सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत असतात, एकच राष्ट्रीय अभ्यासक्रम शिकतात, तिथं परिस्थितीतला फरक कमी होतो आणि म्हणून उरलेल्या फरकात आनुवंशिकतेचा हिस्सा मोठा दिसतो. शाळा जितक्या समान, तितका हा टक्का वर चढतो. तो आकडा बीड किंवा नंदुरबारला तसाच आणून चिकटवता येत नाही. इथं आधी शाळा समान करा, मग जनुकांबद्दल बोलू.

आणि शेवटी हुकमी पत्ता म्हणून बाबासाहेब काढले जातात. "त्यांनी दिव्याखाली अभ्यास केला, तुम्ही का रडता?" बाबासाहेबांच्या चिकाटीबद्दल शंका घेणारा करंटाच. पण त्या चिकाटीला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीची जोड मिळाली नसती तर १९१३ साली कोलंबिया गाठणं घडलं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून त्यांनी पुढच्या मुलांना काय दिलं ते बघा. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, लगोलग सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, मग मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहं काढली आणि पुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग उभारलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली. या तिघांनाही कष्टाचं मोल कुणी शिकवायला नको होतं. भाऊरावांनी तर कष्ट करून शिकण्याचीच योजना केली, पण आधी छप्पर आणि भाकरी दिली. शिक्षणात मागं राहिलेल्या समाजाच्या वृत्तीवर व्याख्यानं देऊन थांबायचं, हे या तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

ते छप्पर आणि भाकरी आज कुणाला हवी आहे ते बघा. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पहिलं सत्र नुकतंच संपलेलं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मागं सांभाळायला कुणी नसेल तर पोरं बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो, तोवर वार्षिक परीक्षा दारात. अशा मुलाचे गुण त्याच्या बुद्धीशी, स्वभावाशी, वागणुकीशी किती निगडित आहेत हे काढायला संख्याशास्त्र लागेल; तो नोव्हेंबर ते मार्च शाळेत नव्हता हे काढायला हजेरीपट पुरतो. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे. शिक्षणाधिकाऱ्यांपासून आमदारांपर्यंत कुणीही पुढच्या वेळी मुलांच्या मनोवृत्तीवर बोलायला उभं राहिलं, तर त्यांना आधी एवढं विचारावं: तुमच्या तालुक्यातलं वसतिगृह यंदा टोळ्या निघायच्या आधी सुरू झालं होतं का, आणि पहिल्या आठवड्यात तिथं किती मुलं जेवली?